मशीन विचारते, पुढे जाऊ का?

मागच्या महिन्यात माझ्या भाचीनं विचारलं, "मावशी, तू एवढी वर्षं कॉम्प्युटरवर नोकरी केली म्हणतेस, म्हणजे नेमकं काय करायचीस गं?"

मी जरा विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मशीन प्रश्न विचारायची, मी उत्तर द्यायची. आणि कागद सोडायची."

"बस्स?"

बस्स! पण एवढ्याशा कामात किस्से किती साठावेत? गंमत म्हणजे त्या वेळी ते किस्से आहेत हे कळतच नाही. त्या वेळी नुसती बोंबाबोंब असते. कोणीतरी कोणावर तरी ओरडत असतं. घरी येऊन सांगावं तर प्रिंटर म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते, म्हणून सांगणंही राहून जातं. मग बऱ्याच वर्षांनी वर्ध्याच्या बाजारात जुनी सोबतीण भेटते, "आठवते का तुले ते लेबलं?" एवढंच म्हणते, आणि आम्ही दोघी भाजीच्या पिशव्या हातात धरून रस्त्यात उभ्यानं हसत सुटतो. लोकांना वाटतं, या बायांना काही झालं की काय!

तर, देवळी रोडवर आमचा सोयाबीन तेलाचा कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो नाहीही. मी बोरगाव मेघेहून कंपनीच्या बसनं जायची. कारखान्याच्या मधोमध एक काचेची खोली, खोलीत एसी, आणि एसीत लहान फ्रिजएवढी काळी मशीन. टेबलावरच्या पीसीपेक्षा मोठी, मोठमोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य मशीनपेक्षा लहान, म्हणून तिला मिडरेंज म्हणायचं. गाड्या तोलायचा धरमकाटा, लॅब, गोदाम, गेट, सगळीकडचे स्क्रीन आणि प्रिंटर हिलाच जोडलेले.

खोलीत माणसं तीन. डेहनकर साहेब आमचे मॅनेजर. मोजकं बोलायचे, आणि हसू आलं तर खिडकीकडे तोंड करायचे. भोयरकाका सीनियर ऑपरेटर, मूळचे तळेगावचे, पुण्याकडच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या श्यामजी पंतांच्या तळेगावचे. आणि मी, संध्या, सगळ्यात ज्युनियर.

*

सुरुवातीला आमच्याकडे काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. माउस नाही, चित्र नाही, काही नाही. एखादा कागद या प्रिंटरवरून त्या प्रिंटरवर न्यायचा तरी कमांड टाइप करावी लागायची. भोयरकाकांना सगळ्या कमांड पाठ. त्यांची बोटं चालायला लागली की हार्मोनियमवाल्याकडे बघावं तसं आम्ही बघत राहायचो.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा नागपूरहून एक इंजिनीयर सीडी घेऊन आला आणि माझ्या पीसीवर त्यानं खिडक्यावालं नवीन सॉफ्टवेअर टाकलं. डावीकडे झाडाच्या फांद्यांसारखी यादी. एका फांदीवर ‘मेसेजेस’, दुसरीवर ‘प्रिंटर आउटपुट’. मशीननं काही विचारलं की त्या ओळीवर राइट क्लिक करायचं आणि ‘रिप्लाय’. छापायचा कागद माउसनं उचलायचा, ओढत न्यायचा आणि दुसऱ्या प्रिंटरच्या चित्रावर सोडून द्यायचा. झालं! मी तर हरखूनच गेले.

भोयरकाका मागे हात बांधून पाच मिनिटं बघत राहिले.

"यात कमांड कुठी लिहाची?"

"कमांड लिहायचीच नाही काका! फक्त क्लिक करायचं," इंजिनीयर म्हणाला.

"अन् चुकलं तं?"

"अहो, चुकतच नाही यात!"

काकांनी माउस उलटा करून त्याच्या पोटातली गोळी बघितली आणि परत ठेवून दिला.

"बाबू, कमांड चुकली तं मशीन नाई म्हणते. हा उंदीर कोणाले नाईच म्हणत नाई!"

*

काकांचं म्हणणं खरं व्हायला अकरा दिवस लागले.

मशीनमधल्या छापायच्या रांगेतले जुने कागद साफ करायचे होते. मी वरच्या ओळीवर क्लिक केलं, शिफ्ट दाबून खालच्या ओळीवर क्लिक केलं, सगळ्या ओळी निळ्या झाल्या, राइट क्लिक, डिलीट. उंदीर खरंच नाही म्हणाला नाही. फक्त ‘नक्की ना?’ एवढं विचारलं. मी नक्की म्हटलं!

त्या निळ्या ओळींमध्ये त्या दिवशीचे गेटपासही होते. गेटपास छापून आल्याशिवाय तेलाचा टँकर गेटबाहेर पडत नाही. चौदा टँकर भरून उभे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेले. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती आणि त्याच महिन्यात तिचा निर्णय होता.

भोयरकाका उठले. खण उघडला आणि एक लांबुळकी वही काढली. रोज सकाळी आल्यावर ते स्क्रीनवरचे टँकरचे नंबर आणि माल हातानं वहीत उतरवून घ्यायचे. का? कोणालाच माहीत नव्हतं. मी त्याची कितीदा थट्टा केली होती!

"तू वाच, मी टाइप मारतो," ते म्हणाले. पाऊण तासात चौदाही गेटपास पुन्हा तयार झाले. शेवटचा छापून होतोय तेवढ्यात डेहनकर साहेब आत आले.

"गेटपास कोणी उडवले?"

मी तोंड उघडलं. पण काका आधी बोलले.

"उंदरानं, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, माउसकडे बघितलं, मग खिडकीकडे तोंड केलं. "मग पिंजरा लावा!" म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी पीसी सुरू केला आणि राइट क्लिक केलं. माझ्या लॉगिनमधून ‘डिलीट’ गायब! ते परत मिळायला मला दीड वर्ष लागलं.

*

सोयाबीनचा हंगाम म्हणजे दसरा ते दिवाळी. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटपासून पार डांबरी रोडपर्यंत. ट्रॉली धरमकाट्यावर चढली की वजन आमच्या मशीनमध्ये जायचं आणि पावती काट्यावरच्या प्रिंटरवर छापून यायची. पावती नाही तर माल उतरवणं नाही.

एके दिवशी सकाळपासून पावत्याच बंद. काट्यावरचा माणूस म्हणे, कागद आहे, रिबन आहे, दिवाही लागलेला आहे. भोयरकाका नेमके सुट्टीवर. मी खोलीपासून काट्यापर्यंत चार चकरा मारल्या, केबल हलवून बघितली, प्रिंटर बंद-चालू केला. काही नाही! त्यात आभाळ भरून यायला लागलं. ट्रॉल्या उघड्या. एक सर आली तर दाणे भिजणार, आणि भिजलेला माल आमचीच लॅब परत पाठवणार. रांगेतल्या लोकांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

एवढ्यात एक म्हातारे शेतकरी, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, चपला बाहेर काढून काचेच्या खोलीत आले.

"बाई, काय बिघडलं?"

"तेच बघून राहिली बाबाजी," म्हणत मी सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या. मेसेजेसची खिडकी मी सकाळी आल्या आल्या खाली दाबून ठेवली होती आणि विसरून गेले होते. उघडून बघते तर काट्याच्या प्रिंटरचा मेसेज सात वाजल्यापासून वाट बघत बसलेला! प्रिंटरवर नवीन कागद लावला की मशीन एकदा खात्री करून घ्यायची. इंग्रजी ‘जी’ दाबलं की छापायची, ‘सी’ दाबलं की रद्द. कोणीच उत्तर दिलं नाही तर जन्मभर बसून राहायची.

"इंग्रजीत काय लिहून हाय थे?" बाबाजींनी वाकून विचारलं.

"मशीन विचारते आहे, पुढे जाऊ का?"

"मंग सांगा ना तिले जा म्हणून! सकाळपासून आमी का वेगळं सांगून राह्यलो?"

मी ‘जी’ दाबलं. तिकडे काट्यावर प्रिंटर कर्रर्र करत सुरू झाला तो आम्हाला इकडे ऐकू आला. पावसाच्या आधी सगळ्या ट्रॉल्या शेडखाली गेल्या. बाबाजी चपला घालता घालता दारातून म्हणाले,

"बाई, उद्या आल्या आल्या एकडाव हाव, जा म्हणून ठेवजा तिले!"

*

गेटवर उईके होते. कारंज्याकडचे, गोंड. घरी गोंडी, गेटवर वऱ्हाडी, टँकरवाल्यांशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत आवाज एकच. फोनवर बातमी द्यायची त्यांची पद्धत म्हणजे रेडिओवरच्या बातम्या! चढ नाही, उतार नाही. "मॅडम, गेटवरचा प्रिंटर बंद पडला." "मॅडम, गेटवरचा प्रिंटर सुरू झाला." पुढे एक शब्द नाही.

एकदा मुंबईहून मोठे साहेब आले. त्यांना आमचं नवीन सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. मी ऐटीत सांगितलं, "सर, इथे बसून कारखान्यातला कुठलाही प्रिंटर बंद करता येतो, सुरू करता येतो."

"दाखवा!"

मी गेटच्या प्रिंटरवर राइट क्लिक केलं, स्टॉप. लगेच फोन. "मॅडम, गेटवरचा प्रिंटर बंद पडला." मी स्टार्ट केलं. फोन. "मॅडम, गेटवरचा प्रिंटर सुरू झाला."

मोठे साहेब एवढे खूश झाले की विचारू नका! "वा! मी करून बघू?" म्हणाले आणि माझ्या खुर्चीतच बसले. स्टॉप. फोन. स्टार्ट. फोन. स्टॉप. फोन. डेहनकर साहेब खिडकीकडे तोंड करून उभे. सात-आठ वेळा झालं असेल. मग फोन यायचा थांबला.

मोठे साहेब क्लिक करतायत, करतायत, काहीच नाही. "काय झालं? आता का होत नाही?"

तेवढ्यात काचेचं दार उघडलं. उईके! सायकलच्या कॅरियरवर बांधून आणलेला गेटवरचा प्रिंटर दोन्ही हातांत. त्यांनी तो माझ्या टेबलावर हळूच ठेवला, गुंडाळलेली वायर वर ठेवली, आणि त्याच आवाजात म्हणाले,

"मॅडम, हे तुमच्यापाशीच राहू द्या. तुमी आरामात चालू-बंद करा. मी गेट पाहतो."

*

त्या मशीनवर एकमेकांना मेसेज पाठवायची सोय होती. समोरचा काहीही करत असो, त्याचं काम झाकून मेसेज मधोमध उभा राहायचा. हिरव्या पडद्याच्या काळात त्याला लांबलचक कमांड लागायची, म्हणून कोणी वाटेला जायचं नाही. नवीन खिडकीत तर नुसत्या नावांची यादी! नाव निवडा, दोन शब्द लिहा, पाठवा.

लॅबमध्ये शुभांगी होती, माझी मैत्रीण. रस्त्यात उभी राहून माझ्यासोबत हसणारी ती हीच. तिच्या आईच्या हातची भरली वांगी म्हणजे काय सांगू! एक दिवस जेवायच्या सुट्टीआधी मी तिला मेसेज टाकला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, कारण मशीनला दुसरी अक्षरं यायची नाहीत. ‘आज वांगी आणली का? मी येते. कोणाले सांगू नको.’

तिनं लगेच उत्तर पाठवलं. ‘हाव. भल्ली आणली, डबा भरून. एकटीच येजो.’

फक्त यादीत माझं नाव निवडायच्या ऐवजी तिनं सगळ्यात वरची ओळ निवडली. ती ओळ म्हणजे ‘सगळे’.

मी लॅबमध्ये पोचले तर तिथे गोदामाचे दोघं, काट्यावरचा माणूस, स्टोअरचे तिघं, डिस्पॅचचे क्लार्क, सगळे आपापले डबे उघडून बसलेले! शुभांगी लालबुंद. प्रत्येकाच्या पोळीवर अर्धं-अर्धं वांगं. आणि दारात डेहनकर साहेब, हातात स्वतःची ताटली.

"साहेब, तुम्हीपण?" माझ्या तोंडून गेलं.

"सिस्टीमचा मेसेज होता," साहेब गंभीरपणे म्हणाले. "दुर्लक्ष कसं करणार?"

*

भोयरकाकांच्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिन्यात, तळेगावला. व्याही आर्वीचे, शाळेचे निवृत्त हेडमास्तर, भारी कडक. काकांना त्यांची धास्ती. "पत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तं मांडवात उभं करतीन मले!" म्हणायचे.

पत्रिका निर्दोष छापून आल्या. प्रश्न पत्त्यांचा. पावणेतीनशे पत्ते हातानं कोण लिहिणार? साहेबांनी परवानगी दिली, लेबलं आपल्या प्रिंटरवर काढा म्हणाले. काकांनी पत्ते टाइप केले आणि आपल्या लाडक्या हिरव्या पडद्यावरून कमांड दिली. मशीननं विचारलं, या कामासाठी वेगळा कागद लागेल, बदलला का? प्रिंटरवर चिकटपट्टीची लेबलं आधीपासूनच लावलेली दिसत होती. काकांनी इंग्रजी ‘आय’ दाबलं. ‘आय’ म्हणजे दुर्लक्ष कर, आहे त्यावर छाप. मशीननं दुर्लक्ष केलं!

लेबलं तेलाच्या डब्यांची होती. वरचा भाग कोरा, तिथे पत्ता बरोबर बसला. खाली मात्र बारीक लाल अक्षरांत कारखान्याची कायमची ओळ: ‘थंड व कोरड्या जागी ठेवा. सील तुटले असल्यास परत करा.’ काकांनी आणि काकूंनी भर दुपारी घाईघाईत बसून सगळी लेबलं चिकटवली. ती ओळ दोघांनाही दिसली नाही. पत्रिका पोस्टात पडल्या.

चार दिवसांनी डब्यांना लेबलं कमी का पडली म्हणून चौकशी झाली, तेव्हा उजेड पडला. काका खुर्चीत बसले ते बसलेच. "संध्या, पोरीचं लग्न मोडते आता!" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी आणि शुभांगी त्यांना समजावून थकलो. व्याह्यांना फोन करायची त्यांची हिंमत होईना. शेवटी साहेबांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर काकांच्या हातात दिला.

पलीकडून हेडमास्तरांचा खणखणीत आवाज खोलीभर ऐकू आला.

"हो, मिळाली पत्रिका! सूचना वाचली. कूलरसमोर ठेवली आहे. पण भोयर, ‘सील’मधली ‘सी’ दीर्घच हवी, ती तुम्ही बरोबर घातली हो!"

काका हसले की रडले ते आम्हाला कळलंच नाही. आणि लग्नाच्या आठ दिवस आधी एक पत्रिका पोस्टानं परत आली. काकांच्या मावसभावाची. पोस्टात तिचं पाकीट फाटलं होतं. मागे पेनानं लिहिलेलं होतं,

‘सील तुटून होतं म्हणून वापस केली. लग्नाले येतोच.’

*

एकदा जनरल मॅनेजरांच्या मनात आलं, गेटची अचानक तपासणी करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता. कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. डेहनकर साहेबांनी ते पत्र स्वतः टाइप केलं, वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘गोपनीय’ घातलं आणि आम्हा दोघांना खोलीबाहेर काढलं. "हे मीच छापतो."

साहेब माउसच्या बाबतीत नवखे. पत्र उचललं, ओढत ओढत नेलं, जनरल मॅनेजरांच्या प्रिंटरवर सोडलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. त्याच्या शेजारचं चित्र गेटच्या प्रिंटरचं होतं.

सकाळी सहाला जनरल मॅनेजर आणि साहेब गेटवर पोचले तर काय थाट! चौघंही गेटकीपर कडक इस्त्रीत. बुटांत तोंड दिसावं. रजिस्टरं रेघा मारून तयार, फाटक पुसलेलं, गेटसमोर सडा टाकलेला. नेहमी एकाच वेळी दोघंच ड्यूटीवर असायचे, त्या दिवशी चारही हजर. जनरल मॅनेजर भारावून गेले. "डेहनकर, याला म्हणतात शिस्त! न सांगता येऊनही एक खोट सापडली नाही!"

ते गाडीत बसून गेले. मग उईके पुढे आले, खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

"साहेब, हा काल गेटवर निघाला. वरतं गोपनीय लिहून होतं. म्हणून आमी चौघायनंच वाचला."

*

शेवटी ती मशीन बंद करायचा दिवस आला. नवीन सर्व्हर आले होते, सगळा डेटा तिकडे गेला होता. दुपारी तीन वाजता काळी मशीन बंद करायची, ती कायमची. भोयरकाकांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने राहिले होते.

माझ्याकडे काम होतं शेवटची साफसफाई. मी ‘प्रिंटर आउटपुट’ उघडलं. एरवी त्या खिडकीत मी फक्त त्या दिवशीचे कागद बघायची. त्या दिवशी पहिल्यांदा ‘सगळ्यांचे, सगळ्या तारखांचे’ असं निवडलं. भराभर ओळी आल्या. त्यात डेहनकर साहेबांच्या नावावर सात कागद. सातही त्यांनी मशीनवरच टाइप केलेले. सातांचंही नाव एकच, ‘राजीनामा’.

सहा कागदांसमोर ‘होल्ड’ होतं. म्हणजे लिहिला, छापायच्या रांगेत लावला, पण अडवून ठेवला, कधी छापलाच नाही. सर्वात जुना नऊ वर्षांपूर्वीचा. सातव्यासमोर मात्र ‘होल्ड’ नव्हतं, ‘सेव्ह्ड’ होतं. एकदा छापून झालेला कागद मशीनमध्ये जपून ठेवला, तरच तसं दिसतं.

दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला समजतं. पण हात ऐकेना. मी सातवा उघडला. इंग्रजीत तीनच ओळी होत्या. गेटवरचे चौघं कमी करायचेच असतील, तर यादीत पाचवं नाव माझं धरावं, असं काहीसं.

तारीख बघितल्यावर मला तो आठवडा आठवला. गेटवर स्क्रीनच्या जागी नवीन कॉम्प्युटर बसवला तेव्हा तिथल्या चौघांची आता गरज नाही असं ठरलं होतं. यादीही टाइप झाली होती, कारखानाभर बोभाटा झाला होता. उईकेंचंही नाव त्यात होतं. मग एक दिवस ती यादी मागे घेतली गेली. का, ते कोणालाच कळलं नाही. आम्ही म्हटलं, वरच्यांचं मन बदललं असेल.

मी तो कागद बंद केला. साहेब आत आले.

"झालं का संध्या?"

"साहेब... तुमचे काही कागद आहेत रांगेत. यांचं काय करू? डिलीट करू की सोडू?"

साहेबांनी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. सातही ओळी वाचल्या, खालून वर. भोयरकाका दाराशी उभे होते. त्यांनी आपला स्वच्छ चष्मा काढला आणि तो पुसत राहिले.

"राहू दे होल्डवरच," साहेब म्हणाले.

"साहेब, तीन वाजता मशीन बंद होणार. पुन्हा सुरू नाही होणार ती."

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीनला पाच मिनिटं कमी होती. मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

"मंग तं सारेच आपोआप मंजूर झाले म्हणायचे!"